चंद्राबाईच्या हजेरीतली मुलं

चंद्राबाईला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं तेव्हा तिच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. मी ओट्यावर बसलो होतो. ती बाजारातून येत होती. "आलं अण्णा पत्र," एवढंच म्हणाली आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पत्रात तिच्यावर मुलांची कागदपत्रं चोरून वापरल्याचा ठपका होता. तो खोटा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला एक महिना मिळाला होता.

मी पद्माकर. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढच्या रस्त्यावर साड्यांच्या घाऊक दुकानात मी चाळीस वर्षं घड्या मोडल्या आणि परत घातल्या. चंद्राबाईचा नवरा आमच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम करायचा. तो काविळीनं गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, पदरी मूल नव्हतं. दहावी झालेली होती. तेवढ्या बळावर तिनं सरकारी अंगणवाडीत अर्ज केला आणि आमच्या मराठी समाजाच्या जुन्या खोलीत केंद्र सुरू झालं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तीन ते सहा वयाची पोरं तिच्या हातचं जेवली. त्यातला एक आज इंदिरानगरात हॉटेल चालवतो. त्याचं सांबार मी चाखलंय. चंद्राबाईकडे जेवून तो काहीच शिकला नाही.

सरकारकडून तांदूळ, डाळ, दुधाची पावडर यायची आणि आठवड्यातून दोनदा अंडी. मदतनीस बाईची जागा रिकामी पडली ती कधी भरलीच नाही, त्यामुळे शिकवणारी, शिजवणारी आणि भांडी घासणारी सगळी ही एकटीच. तिच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. हजेरीला नाव पुकारलं की मुलानं मोठ्यानं ओ द्यायची, त्याशिवाय ताट नाही. आणि अंडं समोर बसून संपवायचं. घरी नेलेलं अंडं थोरल्या भावाच्या नाहीतर बापाच्या पोटात जातं, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. एखादं पोर मुठीत अंडं लपवून दाराकडे सरकलं की ती त्याला परत बसवायची आणि शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. मी एकदा लागलो होतो.

मग गल्ली बदलली. आमच्या लोकांनी घरं विकली, नाहीतर खाली गोदाम करून भाड्यानं दिली आणि मुलांच्या मागोमाग लांब राहायला गेले. माझा मुलगा मकरंद एचएसआर लेआउटला गेला. केंद्रातली मुलं तीसवरून नऊवर आली. कमी मुलांची केंद्रं मिटवून दुसऱ्यात मिसळणार अशी बोलवा होती. त्याच सुमारास गोदामांबरोबर हमाल आले, उत्तरेकडच्या कोरड्या जिल्ह्यांतले, बायकापोरांसकट. बाया गोदामात साड्यांना पिशव्या घालत आणि त्यांची पोरं दिवसभर गठ्ठ्यांवर लोळत. दुपारी चंद्राबाईच्या कुकरची शिट्टी झाली की ती दाराशी येऊन उभी राहत. आत येत नसत, काही मागतही नसत.

त्यातल्या पहिल्या बाईच्या पोराचा अर्ज चंद्राबाईनं भरून पाठवला होता. त्या बाईकडे कसलाच कागद नव्हता, म्हणून अर्ज परत आला, वर चार शब्द ऐकायलाही मिळाले. चंद्राबाईनं मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "या लोकांकडे कुठले आलेत कागद?" हे वाक्य माझं आहे. ते मी अगदी शहाणपणाच्या सुरात म्हणालो होतो.

दोन-चार दिवसांनी ती घरी आली. "अण्णा, तुमच्या वल्लरीचं आधार आहे का इथं? नाव तेवढं लावते. ती काय येणार नाही जेवायला. पण तिच्या नावावर एक पोर जेवंल."

मला ते फार आवडलं. नात एचएसआरला महागड्या डेकेअरात, तिथं तिला बिनमसाल्याची खिचडी देतात आणि ती ती थुंकते. इथं तिच्या नावानं कुणाचं तरी पोट भरणार. मी स्वतः खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली. अर्जावर आईचा फोन नंबर हवा होता, तोही दिला. एवढ्यावर न थांबता मी चंद्राबाईला आणखी चार घरी घेऊन गेलो. सगळ्यांची नातवंडं लांब राहणारी. कुणी नाही म्हटलं नाही. अकरा नावं जमली आणि मला आठवडाभर आपण कुणीतरी आहोत असं वाटत राहिलं.

तसं दोन वर्षं चाललं. शिवाप्पा हमालाची मुलगी सिद्दम्मा हजेरीत वल्लरी झाली. "वल्लरी" म्हटलं की ती काडीएवढा हात वर करून जोरात ओरडायची, "हाजर मिस." बाकीची कुणी ध्रुव, कुणी वेदिका, कुणी मल्हार. चंद्राबाईनं त्यांना पढवलं नव्हतं. ओ दिली की ताट मिळतं एवढं मुलांना समजलं होतं. सिद्दम्मा आली तेव्हा तिचे केस तांबूस आणि पोट नगाऱ्यासारखं होतं. वर्षभरात तिच्या गालांवर मांस आलं. मी जाता-येता तिच्याकडे बघायचो आणि माझीच नात बघितल्यासारखा खूश व्हायचो. खऱ्या नातीला महिन्यातून एकदा बघायला मिळे.

मग एका मंगळवारी सुनेचा, मैत्रेयीचा फोन आला. ती पुण्याची, मोठ्या कंपनीत आहे. "बाबा, मला एक वीअर्ड मेसेज आलाय. वल्लरीला आज अंगणवाडीत हॉट मील दिलं म्हणून. ती तर इथे डेकेअरला आहे. कुणीतरी तिचं आधार मिसयूज करतंय. मी ऑनलाइन कम्प्लेंट टाकलीये."

जेवण दिल्याचा निरोप आता आईच्या फोनवर जातो, ही नवी पद्धत तेव्हा सुरू झाली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. "अगं, मीच दिलं ते," चार शब्द. पण तिच्या आवाजात भीती होती, पोरीच्या काळजीची भीती. आणि तिला न विचारता तिच्या मुलीचा कागद मी वाटला होता. म्हटलं, घरी आली की निवांत सांगू.

गुरुवारी अकरा वाजता केंद्रात चौकशीला शेषगिरी नावाचे अधिकारी आले. मध्यमवयीन, थकलेले, आवाज न चढवणारे. मैत्रेयी रजा काढून आली होती. तिला कन्नड येत नाही, त्यामुळे ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ट्रान्सलेट करा प्लीज." म्हणजे तिच्या आणि अधिकाऱ्यांच्या मधोमध मीच उभा. चंद्राबाई चुलीपाशी होती. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. आता अण्णा सांगतील, असं तिला वाटलं असणार.

शेषगिरींनी वल्लरीच्या अर्जाला जोडलेली आधारची झेरॉक्स पुढे केली आणि कन्नडमध्ये मला विचारलं, "ही प्रत यांना कुणी दिली?"

मैत्रेयी माझ्याकडे बघत होती. चंद्राबाई बघत होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं. आता मीच दिली म्हणालो तर ही सून नातीला पुन्हा या घरी पाठवणार नाही.

"गोत्तिल्ल," मी म्हणालो. माहीत नाही.

मैत्रेयीला त्याचं मराठीही मीच करून सांगितलं. तेव्हा खोटं दोनदा बोललो.

चंद्राबाईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मग ती अधिकाऱ्यांना कन्नडमध्येच म्हणाली, "अण्णांनीच दिलं होतं साहेब. त्यांना हल्ली आठवत नाही. वय झालं ना." शेषगिरींनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझं उत्तर त्यांनी लिहून घेतलं होतं. तिचं लिहिलं की नाही कळलं नाही.

तोवर दाराशी गोदामातल्या बाया जमल्या होत्या. शेषगिरींनी पोरांना एकेक करून नाव विचारलं. सिद्दम्मानं हात वर करून वल्लरी म्हणून सांगितलं आणि मैत्रेयीनं तोंडावर हात ठेवला. अधिकारी सिद्दम्माच्या आईकडे, बसलिंगम्माकडे वळले. हिचं आधार नाही का काढलं? ती म्हणाली, काढलंय की, गावाकडेच काढलं, दोन वर्षांची असताना. पदराआडच्या बटव्यातून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. तिच्या मागच्या बाईनंही काढलं, मग तिसरीनं. अकरांतल्या नऊ पोरांची कार्डं निघाली.

चंद्राबाई पुढे आली. "हे गावाकडचं आहे. इथं चालतं?"

"कुठंही चालतं अक्का," शेषगिरी म्हणाले. "तुम्ही यांचीच नावं लावायची होती. एका दिवसाचं काम होतं. केंद्रही राहिलं असतं आणि तुम्हीही."

ती तांदळाच्या पोत्यावर बसली. बसलिंगम्मा तिला विचारत होती, माझ्या पोरीचं नाव सरकारात का नाही घातलंस? दुसऱ्याचं का घातलंस? आम्ही काय कमी होतो? ती ओरडत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मी विचारलंच नाही," चंद्राबाई मराठीत म्हणाली, जे त्या बाईला कळणं शक्य नव्हतं. "दोन वर्षांत एकदा पण विचारलं नाही." पहिल्या बाईकडे कागद नव्हता म्हणून कुणाकडेच नसणार, हे ती धरून चालली. ते तिच्या डोक्यात मी भरवलं होतं आणि आम्हा दोघांना ते इतकं साधं वाटलं होतं की विचारायची गरजच पडली नाही. आपण दया करतोय या नादात समोरच्या बाईला तोंड आहे हे आम्ही विसरलो.

मी "गोत्तिल्ल" म्हणालो हे कळल्यावर बाकीच्या चार घरांनाही काही गोत्तिल्ल झालं. मी कुठल्या तोंडानं त्यांना दोष देऊ? पंधरा दिवसांत पत्र आलं. दाद मागायला महिन्याची मुदत होती. खोट्या नावांचा ठपका तिनं मान्यच केला होता, तो सुटणार नव्हता. पण चोरीचा ठपका माझ्या एका सहीनं पुसला गेला असता. नुसतं कमी करणं वेगळं आणि अठ्ठावीस वर्षं पोरं जेवू घालून चोर ठरणं वेगळं. मी दोनदा पत्र लिहिलं. पहिलं फाडलं. दुसरं मकरंदला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, मैत्रेयीला काय सांगू मी?" ते पत्र कपाटात साड्यांच्या जुन्या खोक्यात आहे. मुदत संपून तीन महिने झाले.

केंद्र बंद झालं. मुलांना पलीकडच्या केंद्रात जायला सांगितलं, पण मध्ये मोठा रस्ता आहे, तिथून ट्रक आणि बसा अखंड जातात, आणि गोदामाच्या बायांना दिवसातून दोनदा पोरं ओलांडून न्यायला सुटी कोण देणार? दोघी-तिघी काही दिवस गेल्या, मग थांबल्या. कार्डं खरी आहेत, नावंही आता खरी लागली आहेत आणि पोरं पुन्हा गठ्ठ्यांवर आहेत. सिद्दम्मा परवा दिसली, गोदामाच्या पायरीवर बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेली. तिच्या गालांकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

चंद्राबाई घरीच असते. गल्लीतून जाताना बाया तिच्याशी बोलतात, पण पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतात. तिनं एकदा मला विचारलं, अण्णा, समाजाच्या खोलीत माझीच मोठी पातेली आहेत, ती मागू का, का तेही चोरी म्हणतील? मी म्हणालो, माग की. तिनं मागितली नाहीत.

माझ्यावर मात्र तिचा काडीचा राग नाही, हे मला सहन होत नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या, दारात येऊन बोंब मारली असती, तर मी सुटलो असतो. मी ठरवून विसरलो असेन हे तिच्या मनालाही शिवत नाही. तिची खात्री आहे की मला खरंच विस्मरण होतंय आणि हे दुखणं वाढत जाणार. दर शनिवारी ती बाजारातून ओंदेलगाची पानं आणते, इथं ती बुद्धीला चांगली म्हणून देतात, आणि त्यांची चटणी वाटून स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे घेऊन येते. भाताबरोबर कालवून देते आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहते.

मला सगळं आठवतं. तो गुरुवार, ते अकरा वाजलेले, पातेल्यातल्या डाळीचा वाससुद्धा.

"स्वल्प फरक वाटतो का अण्णा?" ती विचारते.

मी हो म्हणतो आणि पुढचा घास घेतो.