जावळाची सूचना

आठवीत शाळा सोडलेला माणूस कॉलेजात नोकरीला लागतो तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त आधार दुसऱ्याच्या सहीचा वाटतो. मी सावंतवाडीकडचा. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या कॉलेजात शिपाई म्हणून लागलो ते मेहुण्याच्या ओळखीवर. एक वर्ष कामावर पाहू, मग कायम करू, असं तोंडी ठरलं होतं. गावी आई सगळ्यांना सांगायची, मुलगा कॉलेजात आहे. पुढचं लोक आपापलं समजून घेत. एकदा एकाने मला फोनवर "सर" म्हटलं आणि मी खोडून काढलं नाही. तेव्हा नोकरी जाऊन परत जाणं मला परवडणारं नव्हतं.

माझं एक चांगलं होतं, अक्षर. प्राचार्यांनी म्हणून सूचनावही माझ्याकडे दिली. सूचना लिहायची, शिक्का मारायचा, वर्गावर्गात फिरून प्राध्यापकांच्या सह्या घ्यायच्या. तोंडी निरोप मी कधी दिलाच नाही. उद्या कोणी म्हणालं "मले नाई सांगतलं", तर मी काय करणार?

एका शनिवारी प्राचार्य मान वर न करता म्हणाले, "उद्या भाऊच्या घरी नातवाचं जावळ हाये. सर्वाइच्या कानावर घाल." भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मी बड्या बाबूंना, म्हणजे ऑफिसातल्या हेडक्लार्कना, विचारलं, जावळात प्राध्यापकांचं काय काम? ते म्हणाले, "पंगत वाढतात. दरसाल काही ना काही राह्यतेच."

मी वही उघडली. आधीची सूचना झेंडावंदनाची होती, तिचा साचा घेतला. "सर्व प्राध्यापकांना सूचित करण्यात येते की, उद्या रविवारी सकाळी नऊ वाजता मा. अध्यक्षांच्या निवासस्थानी जावळानिमित्त पंगत वाढण्यासाठी उपस्थित राहावे. अनुपस्थितीची गंभीर नोंद घेतली जाईल." खाली शिक्का. तो सरळ बसला, याचं मला समाधान वाटलं.

एरवी सही करताना प्राध्यापक कपाळाला आठ्या घालायचे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये राज्यशास्त्राच्या सरांनी सूचना वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग इतरांना म्हणाले, "बावीस वर्स झाले मले. हे कागदावर आज पाह्यलं." लगेच सगळे जमले. भराभर सह्या झाल्या. इंग्रजीच्या मॅडमनी पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे हो तुमचं." मी दिवसभर खूश.

रविवारी एकही जण चुकला नाही. वरण-बट्टीची पंगत होती. भूगोलवाले सर गाड्या लावून घेत होते, इतिहासवाले बट्ट्या कुस्करून देत होते, अर्थशास्त्राच्या सरांकडे जिलेबी होती. पाणी मी वाढलं.

सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर अकरा अर्ज होते. लेखी आदेशानुसार रविवारी कर्तव्य बजावले, तरी बदली रजा मिळावी. प्रत्येकाला त्या पानाचा फोटो जोडलेला.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "काऊन लिहलं बे?"

"साहेब, विसरायला नको म्हणून."

"इतक्या वर्सात कोनी विसरलं काय?"

त्यांनी वही पुढे ओढली. पान फाडावं तर पानांना नंबर होते. शेवटी ते म्हणाले, "वही अन् हे अर्ज घे, भाऊकडे जा. तूच सांग त्याइले."

वाटेत मी मनातल्या मनात बॅग भरली. आईला काय सांगायचं तेही जुळवलं: हवा मानवली नाही.

भाऊ ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी सूचना हळूहळू वाचली, मग अर्ज वाचले.

"म्या कोनाले बलावलं होतं?" ते म्हणाले. "मले तं वाटे, हे लोकं पिरमानं येतात."

अर्थशास्त्राच्या सरांचा अर्ज त्यांनी वेगळा काढला.

"तो जिलेबीवाला. दरसाल एक-एक वाढते, हात आखडून. माह्या व्याह्यानं दोनदा बोलून दाखोलं. पन म्या त्याले हटकलं नाई. म्हनलं, बिचारा सुटीच्या दिवशी घरचं समजून येते."

मग त्यांनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. "सर्वाइले सुट्टी देऊन टाका. अन् या पोराले राहू द्या, अक्षर चांगलं हाये. फक्त वही तुमच्या कपाटात ठेवा."

मी पाया पडायला वाकलो, ते म्हणाले, "राहू दे, जेवून जा." जेवलो आणि वही घेऊन परतलो.

चार महिन्यांनी भाऊंच्या घरी नातीचं बारसं निघालं. या वेळी त्यांनी खामगावहून वाढपी बोलावले. प्राचार्यांनी कुणाच्या कानावर काही घातलं नाही. वही कपाटात कुलुपात. तरीही रविवारी सकाळी नऊला गेटाशी अकराच्या अकरा प्राध्यापक उभे होते. बाकीचे आले आणि आपण एकटेच राहिलो तर, या धास्तीने प्रत्येक जण आला होता. वाढपी भिंतीला टेकून बघत राहिले.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "तू लिहलं?"

"नाही भाऊ."

"सांगतलं?"

"नाही."

ते गेटाकडे पाहत राहिले. "मंग येऊ दे. पन जिलेबी तू धर."

तेव्हापासून जिलेबी माझ्याकडे आहे. मी दोन-दोन वाढतो, व्याह्यांना तीन. अर्थशास्त्राचे सर आता पाणी वाढतात, अर्धा-अर्धा ग्लास.

वर्ष केव्हाच उलटून गेलं. कायम केल्याचा कागद मला अजून आलेला नाही, आणि मी विचारलेलंही नाही. भाऊंच्या घरचं काही निघालं की मी पावणेनऊलाच जातो.