राबाची धूळ

देवजीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, जड काम बंद. त्यानं ते पाळलं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे सगळे म्हणाले की म्हाताऱ्यानं ऐकलंच नसणार.

खोडाळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यात त्याचं घर. उमेदीची वर्षं रस्त्याची खडी फोडण्यात आणि पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर भात-नागली करण्यात गेली. साठी उलटल्यावर मानेला गाठी आल्या. नाशिकच्या इस्पितळात रक्ताचा कर्करोग निघाला, हळू वाढणारा. रोजची एक गोळी सुरू झाली. बिघडलेल्या पेशींनाच धरून मारणारी गोळी, असं त्याला समजावलं होतं. गाठी बसल्या, भाकरी गोड लागू लागली. देवजीला वाटलं, सुटलो.

पण दिवसभर नुसतं बसायचं कसं? त्यानं पहार सोडली, कुदळ सोडली, डोक्यावर ओझं घेणं सोडलं. मग पाड्यातली थकलेली माणसं करतात ते घेतलं, राबाची तयारी. भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, पाला, जुना पेंढा पसरून भाजतात, तो राब. देवजी गोठ्याच्या सावलीत बसून वाळलेलं शेण दांडक्यानं फोडी. पेंढ्याच्या गंजीचा तळ अवकाळी पावसात भिजून करडा पडला होता, तो हातानं कुसकरी. धूळ उडून भुवयांवर बसे. त्याच्या लेखी हे काम नव्हतंच. ज्याला घाम येत नाही, त्याला तो काम म्हणत नसे.

होळीच्या सुमारास खोकला लागला. मग ताप. पाड्यातले म्हणाले, टीबी. बेडका तपासला, टीबी निघाला नाही. औषध दोनदा बदललं, ताप हटेना. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तशी खोडाळ्यात दिलेली लेक जयश्री जीप घेऊन आली आणि आईबापाला नाशिकला घेऊन गेली.

छातीचा स्कॅन झाला. नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाटेशी बसल्या.

"काका, फुप्फुसात बुरशी वाढलीय. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही. पण तुमचा आजार आणि ही गोळी, दोन्हींनी अंगातली राखण ढिली पडते. घरी काही काम करत होता का?"

"नाय बाई. तुम्ही सांगितलं तसा बसून होतो."

"कुजकं काही हाताळलं? माती, शेण?"

"कामाला हातच लावला नाय," देवजी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

खाटेच्या पायथ्याशी बसलेली त्याची बायको भागी उसळली. "आणि राबाचा पेंढा कुसकरत बसतोस ते काय? देवाचं नाव घेत बसतोस? दिस मावळला की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतोस!"

"ते काय काम आहे? पोरंबी करतात."

"कोणता पेंढा?" बाईंनी विचारलं.

भागीनं सगळं सांगितलं. करडा रंग, वास, उडणारी धूळ. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही जड काम नको म्हणालो. धूळ नको, हे नीट सांगायला हवं होतं."

बुरशीचं औषध सुरू झालं. दोन औषधं एकमेकांशी भांडतात म्हणून कर्करोगाची गोळी थांबवली. देवजी घाबरला. गाठी परत आल्या तर? रोज सकाळी तो मान चाचपून बघे. बाई म्हणाल्या, "आधी श्वास वाचवू. गोळी कधी द्यायची ते माझ्यावर सोडा."

ताप उतरायला बरेच दिवस गेले. घरी सोडताना बाईंनी बजावलं, गोठा नाही, पेंढा नाही, शेण नाही, राबाचा धूर तर नाहीच. देवजी ऐकत राहिला. हे सगळं वजा केल्यावर पाड्यात उरतं काय, ते त्याला कळेना.

"राब भाजून होईस्तोवर तू लेकीकडे," भागीनं ठरवून टाकलं.

"आणि राब?"

"मी आहे ना. का मी मेले?"

तो खोडाळ्याला राहिला. जयश्रीच्या ओट्यावर बसे, तोंडाला फडकं बांधून. आल्यागेल्याला खोकल्याचं सांगून सांगून कंटाळला. वैशाखात समोरच्या डोंगरावर जागोजागी धूर उठू लागले. त्यातला आपला कोणता, हे इतक्या लांबून ओळखू येईना.

संध्याकाळी भागीचा फोन आला.

"भाजला."

"कोण होतं जोडीला?"

"कोण असणार? ज्याचा त्याला राब आहे. पाटी मीच वाहिली, आग मीच राखली."

"थर सारखा पडला का?"

"तुझ्यासारखा नाय पडला." ती थांबली. तिला धाप लागली होती. फोनमधून ऐकू येत होती. "हातपाय उरले नाय रे."

देवजीला पुष्कळ विचारायचं होतं. माती वरून टाकली का, वारा कुठला होता.

"भाकरी खाल्लीस?" त्यानं विचारलं.

"टाकते आता."

"नको टाकू. शेजारून माग आणि पड जरा," तो म्हणाला. "फोन ठेव. बोलू नको."