सुनेशी काढलेलं भांडण

नातीच्या दप्तरातून सॅनिटायझरचा वास आला आणि कोरोनातलं आमचं कळव्याचं घर आठवलं. सून मानसोपचाराच्या कामातली. आतल्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांचे फोन घ्यायची. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला जगायचंच नव्हतं. सगळ्यांशी हळू आवाजात बोलायची आणि बाहेर आली की गप्प. जेवण ताटात तसंच. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, उद्या राजीनामा देते. माझ्यात काही उरलं नाही." समजूत घालणं मला जमत नाही. मी जन्मभर मासळी बाजारात बसले. तिथं धंदा संपला की आम्ही बाया मोकळ्या आवाजात भांडायचो आणि मग एकत्र चहा प्यायचो. म्हणून सुपात सुकट घेऊन तिच्यापुढे ठेवली आणि मुद्दाम म्हटलं, "साधी सुकट निवडता येत नाय, तुझ्या आयशीनं शिकवलं तरी काय?" तिनं सूप बाजूला सारलं. मग पेटली. "माझ्या आईवर जायचं नाही! तुमचं कालवण किती खारट असतं, कुणी सांगितलंय का कधी?" मी दुप्पट आवाज चढवला, तिनं तिप्पट. शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं, पोलीस बोलावू का?" "तू गप बस!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. सून हसायला लागली ती थांबेचना, आणि तेच खारट कालवण दोन वाट्या ओरपलं. राजीनामा राहिला. मग रोज फोन संपले की पदर खोचून बाहेर यायची, "या आई, आज कशावरून?" आता ती नव्या मुलींना फोनवरचं ते काम शिकवते. त्यांना घरी आणते आणि सांगते, "आमच्या आईंशी भांडा." अजून एकीलाही मी जिंकू दिलेलं नाही.