लाल शर्टांची माणसं

नानाय सेपा घाबरट बाई नव्हती. नाल्यातून येणाऱ्या घुशी ती फावड्याने मारायची. वादळात शेजारचे पत्रे उडाले तरी भात शिजवत बसायची. केसोन सिटीत विजेच्या मोठ्या तारांखाली आमच्या वस्तीने बाग केली, ती सगळी तिच्याच जिवावर. तिला मूलबाळ नाही, तरी लहानथोर सगळे तिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचे.

त्या शनिवारी आम्ही दोघी नाळीची भाजी खुडत होतो. फाटकाशी बस थांबली आणि एकसारखे लाल शर्ट घातलेली माणसं उतरली. कुणाकडे कुदळ, कुणाकडे पहार.

नानायच्या हातून टोपली पडली. चेहरा पांढराफटक.

"आले गं," ती पुटपुटली. "पुन्हा आले."

मग मला आठवलं. नदीकाठी तिचं घर होतं, तेव्हाही असेच एका रंगाचे शर्ट घातलेले लोक आले होते. तिचा नवरा बेर्तिंग तापाने फणफणत होता. त्याला खाटेसकट बाहेर काढून त्यांनी घर पाडलं. बेर्तिंग त्यानंतर फार जगला नाही.

नानाय धावली. फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि कोयता मांडीवर घेऊन फाटकाला पाठ लावून बसली. तिच्या थरथरण्याने फाटकाचा पत्रा खडखडत होता.

"अहो, आम्ही एका ऑफिसातून मदतीला आलोय!" बाहेरून एक तरुण ओरडला. "वाफे करायला! कप्तानांनी सांगितलं नाही का?"

कप्तान म्हणजे आमच्या वस्तीचा निवडून आलेला प्रमुख. त्याने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"तेव्हाही असेच गोड बोलले होते," नानाय म्हणाली.

बाहेर कुणीतरी हसलं. "म्हातारी कोयता घेऊन बसलीय रे! फोटो काढ."

मी फटीला तोंड लावून म्हटलं, "हसू नका हो! तुमच्यासारखेच कपडे घालून आलेल्यांनी हिचं घर पाडलंय."

मग एक जाडसर बाई, त्यांची साहेबीण लुर्देस, पलीकडे मातीतच बसली.

"नानाय, ही हत्यारं तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली, आणि एकेक पहार, एकेक कुदळ फाटकाखालून आत सरकवू लागली. आत येणाऱ्या प्रत्येक लोखंडाबरोबर नानाय दचकत होती. तरी सगळी तिने आपल्याजवळ ओढून घेतली. बऱ्याच वेळाने तिने कुलूप काढलं.

दिवसभर ती त्यांच्यामागे कोयता घेऊन फिरली. त्यांनी भात आणि सुकी मासळी पुढे केली, पण तिने घासही घेतला नाही. बस गेल्यावर पेरूच्या झाडाखाली तिला उलटी झाली. मी पाठ चोळत राहिले.

"चांगली माणसं होती, नानाय."

"होती गं. माझ्या अंगाला ते कोण सांगणार?"

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. लुर्देसने सांगितलं असावं, कारण सगळे घरच्या विटक्या कपड्यांत होते. फाटक उघडताना नानायने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. मग हात सोडून ती ओरडली, "उभे काय राहिलात? ते खत उचला!"