ब्रँडी आडवी ठेवा, असं मी लिहिलं होतं

दुबईतल्या आमच्या कंपनीने फ्रान्समधल्या एका जुन्या ब्रँडीवाल्या घराण्याची एजन्सी घेतली, तेव्हा साठवणीचं काम माझ्याकडे आलं. दहा वर्षं मी वाइन सांभाळलेली. वाइनची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, हे पाठ. गोदामाला ईमेल केला: बुचाची प्रत्येक बाटली आडवी. माझ्यापुरतं खलास.

तीन महिन्यांनी त्या घराण्याच्या म्हाताऱ्या मालकांनी व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी घेतली. त्यांचे पूर्वज द्राक्षं पिकवायचे. डच व्यापारी त्यांची वाइन न्यायचे, पण ती बोटीवर टिकेना. म्हणून ती गाळून ब्रँडी करायची रीत पडली. तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायची, मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायची.

"मी विकतो ती आजोबांनी भरलेली. मी भरतोय ती नातू विकेल."

पिंपातून दरवर्षी थोडी उडून जाते, तो देवदूतांचा वाटा म्हणे. मी टिपून घेत होते. शेवटी ते सहज म्हणाले, "आणि बाटली कायम उभी. आडवी ठेवली तर इतकी कडक दारू बूच खाऊन टाकते."

माझं पेन थांबलं. नवऱ्याची नोकरी गेलेली. तो आणि मुलगी दोघेही माझ्या व्हिसावर. माल खराब झाला तर एजन्सी जाणार, आणि तिच्याआधी माझी नोकरी. मग तिघांनाही दुबई सोडावी लागणार.

थेट जबल अलीच्या गोदामाकडे निघाले. वाटेत नवऱ्याला फोनवर सांगितलं.

गोदामाचे सुपरवायझर रत्नागिरीकडचे. त्यांनी रॅक दाखवला. सगळी खोकी उभी.

"आडवी ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंत. पण खोक्यावर वरच्या दिशेचा बाण छापलाय, मॅडम."

"मग कळवलं का नाहीत?"

"दहा वर्षांच्या अनुभवाशी वाद कोण घालणार? बाण पाळला नि गप्प बसलो. काय चुकलं?"

"चुकलं. माझं."

"यल्ला, चला, मग चहा तुमच्याकडून!"

दोन खोकी फोडून पाहिली. बुचं ठणठणीत. चहा पाजला, वर समोसेही. मग घरी फोन लावला.

"वाचलो," मी म्हटलं.

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. "बरं. येताना दही आण, संपलंय."

मागून मुलगी ओरडली, "सो आर वी स्टेइंग?"

"हो म्हणावं तिला. अभ्यासाला बस म्हणावं."