समोरची नळी

नमुन्यांच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं की गार धातूचा वास येतो आणि विद्यापीठातलं ते जुनं यंत्र आठवतं. अख्ख्या विभागात ते एकच होतं. एकदा नोंदवहीत एकाच वेळेला माझं आणि वर्गातल्या एका मुलीचं नाव पडलं, आणि आम्ही दोघी हट्टाला पेटलो. यंत्र सांभाळणारे काका म्हणाले, "भांडून झालं असेल तर ऐका. तोल साधायला समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवता ना? आज पाण्याऐवजी एकमेकींची ठेवा." आम्ही अबोल्यातच थेंब थेंब घालून वजनं जुळवली. पुढे दोन वर्षं आमच्या नळ्या समोरासमोरच फिरल्या. मग ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये गेली. ती गेल्यानंतरच्या सोमवारी मी समोरच्या नळीत पाणी भरलं. अजूनही पाणीच भरते.