सुलभा सिस्टरांचं रुग्णालय

ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की आमच्या शेजारच्या सुलभा सिस्टर हातातलं काम टाकून गॅलरीत यायच्या आणि गाडीचा नंबर वाचायच्या. नंबर कोकणातला असला की चपला अडकवून थेट मुलुंडच्या आमच्या कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात. तिथे पेशंटच्या माणसांना त्यांचा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे डॉक्टर नव्हता का?"

बहुतेकदा नसायचा. सिस्टरांची सगळी नोकरी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. त्या होत्या तोवर तिथे सिझेरियन व्हायचं. त्या निवृत्त होऊन मुलाकडे आल्या आणि पाठोपाठ भूल देणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली. ती जागा सरकारने भरलीच नाही. ऑपरेशन थिएटरला कुलूप लागलं.

एकदा त्यांच्याच गावची स्वाती अशी गाडीतून आली. ती वाचली, बाळ गेलं.

"अख्खा दिवस रस्त्यात काढला रे तिने," सिस्टर मला म्हणाल्या. "आमच्याकडे तासाभरात मोकळी झाली असती."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं, की रुग्ण कमी म्हणून ते रुग्णालय बंद करून नुसता सकाळचा दवाखाना ठेवणार. सिस्टर अर्ज घेऊन आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेल्या. मी सोबत होतो.

"बाई, पेशंटच येत नाहीत," साहेब म्हणाले. "धोरणात बसत नाही."

"डॉक्टर तुम्ही काढून घेतलात," सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या. "मग पेशंट कशाला येतील? कुलूप बघायला?"

अर्जावर शिक्का बसला. उत्तर आलं नाही. रुग्णालय मात्र बंद झालं.

सिस्टरांनी बॅग भरली. "आई, या वयात?" मुलाने विचारलं.

"तिथल्या पोरींचं वय काय आहे रे?"

आता गावच्या घरी, पडवीत, त्या गरोदर बायका तपासतात. जिचं अवघड दिसेल तिला दिवस भरायच्या आत जिल्ह्याच्या गावी धाडतात. सत्तरीच्या बाईने दुखऱ्या गुडघ्यांनी हे करायचं आणि ज्यांचं हे काम त्यांनी फाइल बंद करून मोकळं व्हायचं, याची मला चीड येते.

सोसायटीने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा मी फोन केला.

"शाल नको," त्या म्हणाल्या. "पाहुणा म्हणून जो पुढारी येईल ना, त्याला विचार, आमचा डॉक्टर कधी येणार."

सिस्टर आल्या नाहीत, पुढारी आले. भर कार्यक्रमात मी उभा राहून विचारलं. "प्रस्ताव विचाराधीन आहे," असं सांगून ते जेवायला गेले.